चेंबरचा ड्रेन प्लग की व्हॉल्व्ह? घरी ऑईल बदलताना या चुका टाळा

घरी स्वतः ऑईल बदलणाऱ्यांना केव्हातरी वाटतंच, की चेंबरचा (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट, म्हणजेच ड्रेन प्लग, दरवेळी सोडण्यापेक्षा तिथे खटक्याचा व्हॉल्व्ह बसवून टाकावा. जपानी फुमोटोसारख्या व्हॉल्व्हचा खटका आधी उचलून मग फिरवावा लागतो, त्यामुळे तो सहसा आपोआप उघडत नाही. पाना लागत नाही आणि चेंबरचे आटेही दरवेळी झिजत नाहीत. घोटाळा होतो तो खरेदीत.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गाडीचं नाव सांगून माल घेणं. इंदूरला छोटी ग्वालटोलीतल्या दुकानात नुसतं मॉडेल सांगितलं तर काहीतरी मिळतंच, पण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचे चेंबर वेगळे असू शकतात. जुना बोल्ट मोजून मगच खरेदी करा. कित्येक मारुती, होंडा, ह्युंदाई गाड्यांना एम१४×१.५ (व्यास १४ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी) लागतो, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना एम१२×१.२५. व्यास व्हर्नियरने घ्या, मग एका आट्याच्या टोकापासून पाच आटे पुढे मोजा. अंतर ७.५ मिमी आलं तर पिच १.५, ६.२५ आलं तर १.२५. चुकीच्या पिचचा बोल्ट एक-दोन फेरे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की ॲल्युमिनियम चेंबरचे आटे गेलेच. नवा प्लग असो की व्हॉल्व्ह, निम्म्याहून जास्त आटे हातानेच बसले पाहिजेत.

आटे जुळले तरी व्हॉल्व्ह बसेलच असं नाही. त्याचं अंग बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठं असतं. भोक खोबणीत असेल तर फिरवताना तो चेंबरच्या कडेला अडतो. नीट कसल्यावर खटका कोणत्या दिशेला थांबेल हेही आपल्या हातात नसतं, म्हणून तो पुढच्या चाकाकडे तोंड करून राहिला तर उडणारा दगड थेट त्यावर बसेल. प्लग चेंबरच्या बाजूला, आडवा असेल तर व्हॉल्व्ह जरूर घ्या. प्लग तळाशी, खाली तोंड करून असेल आणि गाडी बुटकी असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: साधा प्लगच ठेवा. गल्लीतले गतिरोधक आणि महूजवळच्या जाम गेटकडचे खडकाळ रस्ते खाली लोंबणाऱ्या व्हॉल्व्हला सोडत नाहीत, आणि तो तुटला तर इंजिन काही मिनिटांत कोरडं पडतं.

वायसर जुनाच वापरणं ही काटकसर नव्हे. सरळ आट्यांच्या प्लगमध्ये ऑईल अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. दाबून चपटा होणारा वायसर दुसऱ्यांदा दाबला जात नाही. गळती थांबवायला दोन वायसर घालू नका. टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. तिचे तुकडे ऑईलच्या जाळीत अडकतात.

कसताना लोखंडी नळीचा लांब दांडा लावणं टाळा. एम१४ प्लगला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर लागतात (अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या). २५ सेमी पान्यावर १५ किलोचा जोर म्हणजे जवळपास ३७. तोच जोर ६० सेमीच्या दांड्यावर ८८ होतो! बाईकच्या एम१२ बोल्टला याहून कमी लागतं.

चुंबकाच्या प्लगवर राखाडी लेप आला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. टोचणाऱ्या कपच्या दिसल्या तर मेकॅनिकला दाखवा. काढलेलं ऑईल नालीत ओतू नका, डब्यात बंद करून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे ते पाठवणाऱ्या गॅरेजला द्या.

बदलल्यावर खाली थेंब दिसला तर लगेच कसू नका. भाग रॉकेलने पुसा, इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा आणि पुठ्ठा घालून रात्रभर ठेवा. ओल वायसरच्या कडेला असेल तर वायसर बदला. व्हॉल्व्हच्या तोंडातून किंवा खटक्याच्या दांड्यापाशी असेल तर व्हॉल्व्हच बदलावा लागेल. आणि प्लग कोरडा असेल तर फिल्टर पाहा, कारण जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते.