समोरच्या दातांची कळ
गेल्या हिवाळ्यात ठाण्याच्या तलावपाळीवर फेरफटका मारताना तोंडाने श्वास घेतला की वरच्या समोरच्या दोन दातांत कळ उठत असे. कीड लागली असणार असे गृहीत धरून मी दुप्पट जोराने दात घासू लागलो आणि नेमके तेच चुकले.

नौपाड्यातील दंतवैद्यांनी हातात आरसा दिला, तेव्हा दोन्ही दातांवर हिरडीच्या कडेला पाचरीच्या आकाराची खाच दिसली. कडक ब्रश वर्षानुवर्षे आडवा घासल्याने हिरडी वर सरकली होती आणि आतले डेंटिन (कठीण आवरणाखालचा दाताचा थर) उघडे पडले होते. त्यातील सूक्ष्म नलिकांमधला द्रव गार हवेने हलला की आतल्या नसेला कळ जाणवते. गारवा सरताच कळ थांबत होती आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी छाया नव्हती, म्हणून रूट कॅनॉल टळले. (दात रात्रभर ठणकत राहिला असता किंवा जुन्या माराने काळवंडला असता, तर गोष्ट वेगळी होती.)

खोल खाचेत त्यांनी दाताच्या रंगाचे सिमेंट भरले आणि दुसऱ्या दातासाठी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची, कळ शमवणारी टूथपेस्ट दिली. मऊ ब्रश पेन्सिलीसारखा हलका धरून हिरडीकडून खाली फिरवायचा, आणि लिंबू सरबतानंतर निदान अर्धा तास तरी दात घासायचे नाहीत, हे त्यांनी बजावले. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही, त्यामुळे मी पेस्टवर चिडलोही; चौथ्या आठवड्यात मात्र माठातले गार पाणी बिनधास्त प्यायलो.