अंतरांच्या राज्यातील वकिली: वायोमिंगमध्ये कायदा शिकताना आणि चालवताना

धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या न्यायालयात चार वर्षे दिवाणी कामे चालवल्यानंतर पतीच्या विद्यापीठातील नोकरीमुळे मी वायोमिंग राज्यातील लॅरमी या गावी आले. तोवर अमेरिकेतील वकिली म्हटली की न्यूयॉर्कमधील एखाद्या उंच इमारतीतील काचेची कचेरी एवढेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे येत असे. लॅरमी समुद्रसपाटीपासून सुमारे 7,200 फूट उंचीवर आहे, तेथे वारा जवळजवळ बारमाही वाहतो आणि गावाबाहेर पडले की मैलोगणिक माणूस दिसत नाही. वायोमिंगचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाच-षष्ठांशाच्या आसपास भरते, पण 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 5,76,851, म्हणजे एकट्या धुळे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. या राज्यात कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने हे दोन आकडे आधी लक्षात घ्यावेत, कारण येथील न्यायालये, न्यायाधीशांची निवड आणि वकिलांचे परस्परसंबंध या सगळ्यांवर माणसांच्या कमतरतेचा आणि अंतराचा ठसा आहे.

अमेरिकेत वकिली करू पाहणारे बहुतेक भारतीय वकील एक वर्षाचा एलएलएम (कायद्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम) करून न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाची वाट धरतात, कारण ती राज्ये परदेशी पदवीधरांना काही अटींवर बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसू देतात. प्रत्येक राज्याचे परवान्याचे नियम वेगळे असल्याने, जेथे राहायचे त्या राज्याचे नियम प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच मुळातून वाचावेत. मला येथेच काम करायचे होते, म्हणून मी वायोमिंग विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या जेडी या कायद्याच्या मूळ अमेरिकी पदवीसाठी प्रवेश घेतला. 1920 मध्ये स्थापन झालेले हे राज्यातील एकमेव विधी महाविद्यालय आहे आणि तेथील वर्ग लहान असतात. ज्या वर्गमित्राशी तुम्ही पहिल्या वर्षी वाद घालता, तोच दहा वर्षांनी समोरच्या पक्षाचा वकील किंवा कदाचित न्यायाधीश म्हणून भेटणार असतो, याची जाणीव तेथे सर्वांना पहिल्या दिवसापासून असते आणि वादाचा सूर आपोआप खाली येतो.

अभ्यासाविषयी थोडक्यात सांगायचे तर पाठांतर येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. प्राध्यापक निकालपत्र आधी वाचून यायला सांगतात, वर्गात एकालाच उभे करून प्रश्नांमागून प्रश्न विचारतात आणि बहुतेक विषयांचे गुण सत्राच्या शेवटच्या एकाच परीक्षेवर ठरतात. बार परीक्षेचेही तसेच. मी बसले ती परीक्षा दोन दिवसांची होती: पहिल्या दिवशी सहा निबंधवजा प्रश्न आणि दोन प्रात्यक्षिक कामे, दुसऱ्या दिवशी 200 बहुपर्यायी प्रश्न, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 400 पैकी 270 गुण. प्रात्यक्षिक कामात एक काल्पनिक फाइल हातात देऊन दीड तासात अर्ज किंवा टिपण लिहायला सांगतात. तालुक्याच्या न्यायालयात आयत्या वेळी अर्ज लिहून देण्याची सवय असलेल्याला हा भाग सर्वांत सोपा जातो.

न्यायालयांची उतरंड येथे फारच आखूड आहे. लहान गुन्हे आणि 50,000 डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे सर्किट कोर्टात, त्यावरचे सर्व काही डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि तेथून अपील थेट शायेन या राजधानीतील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, जेथे एकूण पाचच न्यायाधीश आहेत. मध्ये आपल्यासारखे उच्च न्यायालय नाही. शायेन ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) आहे तिचे नाव लॅरमी, आणि लॅरमी हे गाव मात्र ऑल्बनी काउंटीत आहे. माझ्या पहिल्याच मसुद्याच्या शीर्षकात मी चुकीची काउंटी घातली होती. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लर्कने तो कागद परत न पाठवता फोन करून चूक सांगितली. येथे हे क्लर्कपद काउंटीतील मतदार निवडून देतात, त्यामुळे आपल्या शिरस्तेदारांशी त्याची बरोबरी करू नये. पण त्या कचेरीशी नम्रतेने वागण्याचा साक्रीत शिकलेला धडा मात्र येथे जसाच्या तसा उपयोगी पडला.

न्यायाधीश होण्याची वाट समजून घेताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. आपल्याकडे कनिष्ठ न्यायाधीश स्पर्धा परीक्षेतून येतात. येथे अशी परीक्षाच नाही. 1972 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून सात जणांचा एक आयोग नावे सुचवतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, वकिलांनी निवडलेले तीन वकील आणि गव्हर्नरने (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने) नेमलेले तीन बिगरवकील नागरिक असतात. आयोग तीन नावे पाठवतो, गव्हर्नर त्यांतील एकाची नेमणूक करतो आणि वर्षभरानंतर येणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांना एवढाच प्रश्न विचारला जातो की या न्यायाधीशाला पदावर ठेवावे की नाही. समोर प्रतिस्पर्धी उमेदवार नसतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना दर आठ, डिस्ट्रिक्टच्या सहा आणि सर्किटच्या चार वर्षांनी या प्रश्नाला सामोरे जावे लागते. ज्या गावात न्यायाधीश आणि मतदार एकाच दुकानातून दूध आणतात, तेथे ही पद्धत कागदावर दिसते त्याहून बरीच अवघड असावी असे मला वाटते, कारण नाराज पक्षकार अनोळखी नसतो.

ज्युरी, म्हणजे खटल्याचा निर्णय देणारे सामान्य नागरिक, निवडताना हेच फार स्पष्ट दिसते. भारतात ज्युरी पद्धत केव्हाच मागे पडल्यामुळे मी ती प्रथम विद्यार्थी म्हणून प्रेक्षकांत बसून पाहिली. गंभीर गुन्ह्यासाठी बारा जण निवडायचे होते. पहिल्याच रांगेत साक्षीदाराची मावसबहीण, आरोपीला शाळेत शिकवलेली बाई आणि तपास करणाऱ्या पोलिसाचा शेजारी निघाले. मोठ्या शहरात या तिघांना लगेच घरी पाठवले असते. येथे असे सगळेच घरी पाठवले तर ज्युरी उभीच राहणार नाही, म्हणून न्यायाधीशांनी ओळख आहे का एवढ्यावर न थांबता ती ओळख बाजूला ठेवता येईल का, हे प्रत्येकाला निरनिराळ्या शब्दांत विचारले आणि मावसबहिणीने तत्काळ नाही म्हटले. याच लॅरमीत 1870 मध्ये स्त्रिया ज्युरीत बसल्या होत्या, स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा वायोमिंगने त्याच्या आदल्याच वर्षी केला होता, आणि 1870 मध्येच साउथ पास सिटी येथे एस्थर मॉरिस या जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या न्यायाधीश, झाल्या होत्या. (स्त्रियांची ज्युरी मात्र पुढच्याच वर्षी बंद पडली, हे गौरवाने सांगणारे बहुधा सांगत नाहीत.)

नवख्या वकिलाने येथे कोणता विषय पक्का करावा असे मला विचारले, तर मी पाणी असे सांगेन. साक्री भागात पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर जुनी फड पद्धत आहे. पाटकरी पाणी सोडतो, फडांची, म्हणजे शेतांच्या गटांची, पाळी ठरलेली असते आणि पाणी कमी झाले की सगळ्यांचीच भिजण सारख्या प्रमाणात घटते. मी तोच न्याय मनात धरून वर्गात गेले आणि पहिल्याच तासाला चुकले. वायोमिंगच्या 1890 च्या राज्यघटनेनुसार नद्यांचे पाणी राज्याच्या मालकीचे आहे आणि ते वापरण्याचा हक्क ज्याने आधी घेतला त्याचा आधी. प्रत्येक हक्काला तारीख असते. पाणी आटले की सर्वांत नव्या तारखेचा हक्क आधी बंद होतो, आणि 1885 ची तारीख असलेल्या शेतकऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत मिळत असताना 1910 वाल्याच्या चारीत काहीच येत नाही. दर 70 एकरांना सेकंदाला एक घनफूट हे साधारण मोजमाप आहे. ही व्यवस्था बसवण्यात वायोमिंग राज्य होण्यापूर्वीच्या प्रदेशाचे पहिले अभियंता एल्वुड मीड यांचा मोठा हात होता, म्हणूनच येथे हक्काचा परवाना न्यायालयाकडे न मागता राज्याच्या अभियंत्याकडे मागावा लागतो आणि पाण्याच्या वकिलाला कलमांइतकेच नकाशे आणि प्रवाहमापनही वाचावे लागते. बिगहॉर्न नदीच्या खोऱ्यातील सर्व हक्क ठरवण्याचे काम 1977 मध्ये न्यायालयात सुरू झाले आणि विंड रिव्हर आरक्षित प्रदेशातील शोशोनी व अरापाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या हक्कांसह ते संपायला 2014 उजाडले. आपल्याकडच्या दाव्यांच्या लांबीबद्दल मी त्यानंतर सहाध्यायांपुढे खाली मान घालणे सोडून दिले.

जमिनीचे काम हा दुसरा आधार. येथे सातबारा नाही. मालकी सिद्ध करायची तर काउंटीच्या कचेरीत नोंदलेली खते एकामागून एक वाचत मूळ सरकारी सनदेपर्यंत जावे लागते. शिवाय पृष्ठभाग एकाचा आणि खालचे तेल, वायू व कोळसा दुसऱ्याचा असे सर्रास असते. राज्याची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची आहे आणि रेल्वेमार्गालगत खासगी व सरकारी चौरस बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पसरले आहेत. एका सरकारी चौरसाच्या कोपऱ्यावरून तिरक्या दुसऱ्या सरकारी चौरसात पाऊल टाकणे हा खासगी जमिनीत अतिक्रमण होते काय, यावर चार शिकारी आणि एक जमीनमालक यांच्यात दावा चालला आणि 2025 मध्ये फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. खते वाचण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, पण माझे पहिले सहा महिने त्यावरच निघाले.

लहान गावात कचेरी उघडणाऱ्याने आणखी एक सवय लावून घ्यावी. फोन आला की समोरच्या माणसाची हकीकत ऐकण्याआधी विरुद्ध पक्षाचे नाव विचारावे. मी साक्रीच्या शिष्टाचारानुसार आधी चौकशी केली, मग सगळे ऐकून घेतले आणि नंतर कळले की विरुद्ध बाजूचा शेतकरी आमच्याच कचेरीचा जुना अशील होता. ऐकलेले न ऐकलेले करता येत नाही. आम्हाला दोघांचेही काम सोडावे लागले आणि जवळचा दुसरा वकील पन्नास मैलांवर होता.

हिवाळ्यात लॅरमी आणि रॉलिन्स यांच्यामधील सुमारे शंभर मैलांचा महामार्ग वाऱ्याने आणि उडत्या बर्फाने वारंवार बंद होतो. माझ्या पहिल्या जानेवारीत सुनावणीला जाताना एल्क माउंटनजवळ वाहतूक थांबली. गाडीतून उतरून पाहते तो समोरच्या पक्षाचे वकील माझ्या मागे दोन गाड्या सोडून उभे होते. आम्ही त्यांच्या गाडीत बसून क्लर्कला एकाच फोनवरून संमतीने पुढची तारीख मागितली, ती मिळाली, आणि रस्ता उघडेपर्यंतच्या तीन तासांत निम्म्या वादावर तडजोडही ठरली. तेव्हापासून गाडीच्या डिकीत माझे घोंगडे, पाणी आणि त्या फाइलची एक जादा प्रत कायम असते.