आधी विचारा, हे कुणी मोजलं?

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी बारा वर्षं ग्रंथपाल आहे. नव्याने रुजू झालेले ग्रंथपाल आणि प्राध्यापक विचारतात, की मुलांना माहिती शोधायला शिकवायचं तरी कसं? माझ्या अनुभवातलं सांगते.

सुरुवातीला माझं चुकलं. एफ.वाय.ची मुलं बसवून प्रोजेक्टरवर शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांची वेबसाइट), एन-लिस्ट (कॉलेजांसाठी ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं), मराठी विश्वकोशाची वेबसाइट असं एकामागून एक दाखवत गेले. मुलांनी माना डोलावल्या आणि आठवड्याने आलेले प्रोजेक्ट पहिल्या सापडलेल्या पानावरून जसेच्या तसे उतरवलेले होते. साधनं माहीत झाली होती, पण शंका घ्यायला मी शिकवलंच नव्हतं.

आता पहिल्या तासाला एकच प्रश्न देते: महाराष्ट्राची लोकसंख्या किती? मोबाईल वापरा, पाच मिनिटं. फळ्यावर चार-पाच वेगवेगळे आकडे जमतात. मग प्रत्येकाला विचारते, हे कुणी मोजलं? कधी मोजलं? वर्ग गप्प होतो. इथे उत्तर सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा. वीसेक मिनिटांत कुणीतरी २०११ च्या जनगणनेपर्यंत पोचतं: ११,२३,७४,३३३. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, म्हणून त्यानंतरचे आकडे अंदाज आहेत, हेही मग मुलंच शोधून काढतात. अंदाज वापरायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणूनच लिहायचा आणि कुणाचा ते सांगायचं. या एका तासाचा उपयोग वर्षभर होतो.

यापुढचं अवघड काम म्हणजे विषय बारीक करणं. एक मुलगी ‘दुष्काळ’ एवढाच विषय घेऊन काउंटरवर आली. मी पुस्तक दिलं नाही, आधी तिचं गाव विचारलं. बोलता बोलता कळलं, की गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावर झालेला आणि तिची आजी त्या कामावर खडी फोडायला होती. झालं, विषय मिळाला! शोधायला शब्दही मिळाले: दुष्काळी कामं, रोजगार हमी, सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक खाणं). रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, म्हणजे आजी कामावर होती तेव्हा तो नव्हताच, हे तिचं तिनेच ताडून पाहिलं. शोधगंगेवर प्रबंध सापडला की मुलं त्यातलं प्रकरण उतरवू लागतात. त्यांना आधी शेवटच्या पानांवर, संदर्भसूचीकडे न्या. जिल्ह्याचं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), सरकारी अहवाल यांची वाट तिथूनच सापडते. नाव शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधायला सांगा.

गेल्या वर्षी एका मुलाने सात पुस्तकांची सुबक यादी आणली. आम्ही दोघांनी बसून ती एकेक करून शोधली. तीन पुस्तकं कुठल्याच सूचीत नव्हती. लेखक खरे, पण त्यांनी ती पुस्तकं लिहिलेलीच नव्हती. यादी चॅटबॉटने रचून दिली होती. मी त्याला रागावले नाही. फसला तोच होता आणि शोधताना त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहत होते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जे पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, ते संदर्भसूचीत घालायचं नाही.

एक काम मात्र विषयशिक्षकांच्या मागे लागून करून घ्या. प्रोजेक्टच्या गुणांतले थोडे गुण शोधवहीला ठेवायला लावा. कोणता शब्द टाकून शोधलं, काय सापडलं, काय सोडलं आणि का, एवढं रोज चार ओळींत लिहायचं. गुण नसले तर कुणी लिहीत नाही, आणि वही नसली तर मूल कुठे अडलं ते आपल्याला कळत नाही.

त्या मुलीच्या वहीत एके दिवशी एवढंच होतं: “आजी म्हणते मजुरी धान्यात मिळायची. अहवालात पैसे लिहिलेत. रविवारी आजीला परत विचारणार, शेजारच्या काकींनाही.”