शंकरपटाच्या गेममध्ये बैलजोडी मंद पळते?
गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला गेम शंकरपटाचा करताय? जोडी दर फ्रेमला (पडद्यावर एकामागोमाग येणाऱ्या प्रत्येक चित्राला) ५ पिक्सेल पुढे सरकवली, तर सेकंदाला ६० फ्रेम देणाऱ्या संगणकावर ती सेकंदाला ३०० पिक्सेल धावेल. गावातल्या जुन्या लॅपटॉपवर ३० फ्रेम मिळाल्या की फक्त १५०. म्हणून वेग सेकंदाचा धरा: दर फ्रेमला ३०० गुणिले डेल्टा इतकं सरकवा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. मात्र कॅरेक्टरबॉडी-टूडी या गोडोतल्या तयार घटकाचं, पात्र हलवणारं ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शन वापरत असाल तर व्हेलॉसिटीला (वेगाला) डेल्टाने गुणू नका, ते काम आतच होतं. वरून गुणलं तर जोडी जागची हलल्यासारखी वाटणारच नाही. व्हेलॉसिटीत गुरुत्वाकर्षणाची भर घालताना मात्र त्याला डेल्टाने गुणायचंच. संगणकाचं ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर नवा प्रोजेक्ट उघडतानाच ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र काढायची पद्धत) निवडा. आणि लाइटचा भरवसा नाही, तेव्हा काम सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबत राहा.