फुगा, चुन्याची निवळी आणि बटाटा: घरच्या घरी वायू मोजताना

वायूंचा धडा पोरांना तोंडपाठ असतो, पण कार्बन डायऑक्साइडलाही वजन असतं म्हटलं की गालातल्या गालात हसतात. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मदतनीस आहे. पोरं मला मामा म्हणतात आणि व्हायव्हाच्या आधी सरांना सोडून मलाच प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: आधी काटा आण, मग समीकरण लिही. त्यासाठी लॅब लागत नाही, लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळं होतं.

खिशात मावणारा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. तो आणि 100 मिलीचं प्लास्टिकचं मोजपात्र प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल. बोर्डावर शामळदास गांधी मार्ग लिहिलेलं असलं तरी टॅक्सीवाल्याला प्रिन्सेस स्ट्रीटच सांगा. वाण्याकडून खायचा सोडा आणा. धुण्याचा सोडा नको, त्याचा हिशेब वेगळा. बेकिंग पावडरही नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं. व्हिनेगरच्या लेबलवर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची टक्केवारी वाचून घ्या, बहुतेकदा 4 असते. केमिस्टकडून 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सलाइनची नळी, पानवाल्याकडून थोडा चुना. कोल्ड्रिंकची 750 मिलीची प्लास्टिकची रिकामी बाटली घरात असतेच.

वजन करताना पंखा बंद. इमारत रुळांना लागून असेल तर फास्ट लोकल जाऊ द्या, आकडा थरथरायचा थांबला की मगच लिहा.

आता पहिला प्रयोग. बाटलीत 60 मिली व्हिनेगर घ्या. 2.1 ग्रॅम सोडा फुग्यात भरा, फुग्याचं तोंड बाटलीवर चढवा आणि फुगा एका बाजूला लोंबू द्या. या सगळ्याचं वजन वहीत टिपा. मग फुगा उभा करा. सोडा खाली पडतो, फसफस होते, फुगा ताठ होतो. मोल म्हणजे डझनासारखी, कणांची एक ठरावीक मोठी संख्या. सोड्याचा एक मोल म्हणजे 84 ग्रॅम, म्हणून 2.1 ग्रॅम झाला मोलचा चाळिसावा भाग. त्यातून कार्बन डायऑक्साइडही तेवढाच निघणार. त्याचा मोल 44 ग्रॅमचा, म्हणजे आपल्याला मिळाला 1.1 ग्रॅम. एक मोल वायू किती जागा घेतो याचा पुस्तकातला 22.4 लिटरचा आकडा 0 अंश तापमानाचा. मुंबईत 30 अंशांना तोच मोल पावणेपंचवीस लिटरच्या थोडा वर जातो, म्हणून आपला वायू साधारण 620 मिली. आपण समुद्रसपाटीला आहोत म्हणून हे बरं जमतं. पुण्यात हवेचा दाब कमी, तिथे तितक्याच तापमानाला तेवढ्याच सोड्याचा वायू सहा-सात टक्के जास्त जागा घेईल. पुणेकर याचंही श्रेय घेतील, घेऊ द्या.

पुन्हा वजन करा आणि इथे घाई करू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. फुगा घट्ट बसलाय, काहीही बाहेर गेलेलं नाही, तरी काटा 0.6 ते 0.7 ग्रॅमने कमी दाखवतो. पोरं लगेच म्हणतात, मामा, गळतंय. गळत नाहीये. फुगलेल्या फुग्याने आजूबाजूची अर्ध्या लिटरहून जास्त हवा बाजूला सारली, आणि 30 अंशांना एक लिटर हवेचं वजन 1.16 ग्रॅमच्या आसपास असतं. विहिरीत उतरल्यावर माणूस हलका होतो तसं हवेत बुडालेल्या फुग्याचं होतं. वस्तुमान तेवढंच राहिलं, फक्त काट्यावर पडणारा भार हवेने उचलून धरला.

पटत नसेल तर फुगा बाजूला ठेवून पुन्हा करा. बाटलीत नवं व्हिनेगर घ्या, सोडा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा. बाटली, पुडी आणि झाकण असं सगळं एकत्र तोला. मग पुडी आत टाकून झाकण चटकन घट्ट लावा. आतला दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट होतो. कोल्ड्रिंकची बाटली तेवढा दाब सहज सोसते, पण काचेची बाटली वापरायची नाही आणि सोडा 2.1 ग्रॅमच्या वर न्यायचा नाही. या वेळी काटा जागचा हलत नाही, कारण बाटली फुगत नाही, हवा बाजूला सारली जात नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांड्यांची वजनं करून हेच दाखवलं होतं. मग झाकण हळूहळू सोडा, बाटली गदगदा हलवा आणि दोन-चारदा दाबून आतला वायू बाहेर काढा. हा वायू हवेपेक्षा जड, नुसतं झाकण काढलं तर बराचसा आतच बसून राहतो. शेवटी सगळं तोललंत की सुमारे 1 ग्रॅम घट दिसेल. 1.1 पुरता भरत नाही, कारण थोडा वायू व्हिनेगरमध्ये विरघळून राहिलेला असतो.

निघालेला वायू कोणता हे चुन्याची निवळी सांगते. चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी तेवढं ओतून घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका. फुग्यातला वायू नळीने त्यात सोडा, निवळी दुधाळ होते. तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ. सोडत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा जातो, कारण आता विरघळणारं बायकार्बोनेट तयार झालं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1750 च्या दशकात हा वायू ओळखला आणि आपल्या श्वासातही तोच आहे हे निवळीवरूनच दाखवलं. नळीतून फुंकून तुम्हीही दाखवू शकता, फक्त ओढू नका.

ऑक्सिजनसाठी कच्चा बटाटा किसा. कार्बन डायऑक्साइड पाण्यावर गोळा करायला वाईट, तो पाण्यात भरपूर विरघळतो. ऑक्सिजन फारच कमी विरघळतो, म्हणून मोजपात्र पाण्याने भरून बादलीत उपडं करा. छोट्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी घाला, कडेने एम-सील लावा आणि ते वाळू द्या. बाटलीत चमचाभर कीस, त्यावर 4 मिली पेरॉक्साइड, झाकण बंद, नळीचं दुसरं टोक मोजपात्राखाली. केमिस्ट या 6 टक्क्यांना 20 व्हॉल्यूम म्हणतो. म्हणजे 1 मिलीतून 0 अंशांना 20 मिली ऑक्सिजन. 4 मिलीतून 80, आपल्या 30 अंशांना 89, आणि पाण्याची वाफ त्यात मिसळते म्हणून 93 च्या आसपास वाचायला मिळायला हवं. सुरुवातीचे बुडबुडे बाटलीतल्या जुन्या हवेचे असतात. मोजायला ते चालतात, कारण आत जेवढा वायू तयार होतो तेवढीच हवा बाहेर ढकलली जाते. वाचण्याआधी बाटली थंड होऊ द्या, ही क्रिया उष्णता सोडते. 60-70 वरच गाडी थांबली आणि झाकण गळत नसेल, तर पेरॉक्साइड जुनं झालंय. बाटली कितपत ताजी आहे ते कळायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत.

उदबत्तीचा प्रयोग मात्र या गोळा केलेल्या वायूवर करू नका, त्यात हवा मिसळलेली असते. ग्लासात कीस घ्या, पेरॉक्साइड ओता आणि फेस वर आला की निखारा फुललेली उदबत्ती त्यात टेकवा. टोक लख्ख पेटतं. पेरॉक्साइड हाताला लागलं तर कातडी पांढरी पडते आणि चुरचुरते, लगेच धुवा.

हे काम बटाट्यातल्या कॅटालेझ नावाच्या प्रथिनाचं. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. आता उकडलेला बटाटा घ्या. त्याच्यावर कितीही ओता, फेस जवळपास नाहीच. उष्णतेने प्रथिनाची घडी उसवली की कॅटालेझचं काम संपलं. त्याच उकडलेल्या फोडीवर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाका, निळाकाळा डाग पडतो. म्हणजे स्टार्चला उकडण्याने फरक पडलेला नाही. त्याच्या लांब साखळ्या शाबूत आहेत आणि आयोडीन त्यांच्या वळशांत जाऊन बसतं.

साखळ्या तोडायला लाळ लागते, हे कामही तिच्यातल्या एका प्रथिनाचं. भाताची पातळ पेज कोमट करून दोन वाट्यांत घ्या, एकीत थोडी लाळ मिसळा, दुसरी तशीच ठेवा. दर दोन मिनिटांनी दोन्हींतला एकेक थेंब बशीत घेऊन आयोडीनशी गाठ घाला. लाळेच्या वाटीतला निळा आधी जांभळट, मग तपकिरी होतो आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग उरतो. किती मिनिटांनी, ते तुमच्या वहीत, खोलीच्या तापमानासकट. पेज उकळती घेतलीत तर रंग जाणार नाही. कारण बटाट्यालाच विचारा.