सारखी लाईट जाते? डेअरीवाल्यांनो, इन्व्हर्टर घ्यायच्या आधी हे वाचा

कोपरखैरण्यात माझी छोटी दूध डेअरी आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्या लाईनला कधी दहा मिनिटं तर कधी तीन-तीन तास लाईट नसते आणि मी पण सगळ्यांसारखा पहिला धावत जाऊन इन्व्हर्टरच घेऊन आलो, त्यावर डीप फ्रीझर लावला आणि कंप्रेसर चालू होताना इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद. कारण कंप्रेसर सुरू होताना चालू लोडच्या पाच-सहा पट करंट खेचतो. तेव्हा पहिली गोष्ट, फ्रीझर इन्व्हर्टरवर टाकूच नका.

इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब, पंखा, वजनकाटा, बिलिंगचा कॉम्प्युटर, वायफाय. माझं हे सगळं मिळून २०० वॉटच्या आसपास होतं. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण हातात साधारण ११०० धरा, म्हणजे पाच तास आरामात निघतात. बॅटरी हवा खेळती राहील अशा जागी ठेवा, चार्ज होताना गॅस सुटतो, आणि दोन-तीन महिन्यांनी पाणी बघा, डिस्टिल्डच टाकायचं, नळाचं नाही.

आता दुधाचं. दूध ५ अंशांच्या खाली राहायला हवं आणि त्यासाठी करंट नाही, थंडी साठवून ठेवायची. रात्री फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवा (पाऊण भरा, बर्फ फुगतो), लाईट गेली की दुधाच्या फ्रीजमध्ये क्रेटच्या मधे मधे ठेवा आणि दार शक्यतो उघडूच नका. गिऱ्हाईकांसाठी दुधाच्या वीस-पंचवीस पिशव्या बर्फ टाकून थर्माकोलच्या पेटीत काउंटरवर काढून ठेवा, दार उघडायची वेळच येत नाही. आईस्क्रीमला मात्र साध्या बर्फाचा उपयोग नाही, तो शून्यावर वितळतो आणि आईस्क्रीम त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. तिथे लिटरभर पाण्यात दीड-दोनशे ग्रॅम मीठ घालून बाटल्या गोठवायच्या, या उणे दहा-बाराच्या खालची थंडी धरतात. फ्रीजमध्ये एक थर्मामीटर टाका, हात लावून अंदाज करू नका, लोकांची लहान मुलं ते दूध पितात.

लाईट आली की लगेच फ्रीज चालू नाही करायचा! व्होल्टेज वरखाली होत असतं, पाच मिनिटं थांबा, नाहीतर टाइम डिले वाला (लाईट आल्यावर थोडं थांबून करंट सोडणारा) स्टॅबिलायझर लावा. आणि एखादी ट्यूब अचानक जास्तच पेटली, दुसरी मंद झाली तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटलेला असू शकतो, आधी मेन बंद करा मग वायरमनला फोन.

जनरेटर भाड्याने आणलात तर दुकानात नाही, बाहेर मोकळ्यावर ठेवा, धूर जीव घेतो. चेंजओव्हर स्विचशिवाय (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) जोडू नका, उलटा करंट लाईनवर गेला तर खांबावर काम करणाऱ्या माणसाचं काय होईल?

तक्रार मात्र दर वेळी करा. आधी शेजारची लाईट बघा, फक्त तुमचीच गेली असेल तर एमसीबी चेक करा. नाहीतर महावितरणच्या १९१२ ला फोन, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. मी काउंटरवर वहीच ठेवलीये, कधी गेली, कधी आली, तक्रार नंबर काय. महिनाभराची वही झाली की झेरॉक्स काढून आजूबाजूच्या पाच-सहा दुकानदारांच्या सह्या आणि ग्राहक क्रमांकांसकट उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर ही पोचच लागते.