सोन्याचे नॅनोकण तांबड्या पेशी फोडतात का? हिमोलिसिस चाचणी अशी करा

मानवी रक्त वापरायचं तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. रक्त हेपारिनच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) नळीत घ्या. पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात नळी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. थंड पेटीतून आणा, पण थेट बर्फाला टेकू देऊ नका. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात.

सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) ५ मिनिटं फिरवून प्लाझ्मा काढा. पेशी पीबीएसने (फॉस्फेट बफर मिसळलेलं मिठाचं पाणी) निदान तीनदा, वरचं द्रावण नितळ होईपर्यंत धुवा. २ टक्के पेशींच्या मिश्रणात कण घालून ३७ अंश सेल्सिअसवर ३ तास ठेवा. सोबत दोन नळ्या हव्यातच: एकीत फक्त पीबीएस, दुसरीत १ टक्का ट्रायटन एक्स-१००, म्हणजे सगळ्या पेशी फोडणारा डिटर्जंट. शेवटी पुन्हा फिरवून वरच्या द्रावणाचं प्रकाश-शोषण ५४० नॅनोमीटरला मोजा; फुटलेल्या पेशींतून सुटलेलं हिमोग्लोबिन तिथे दिसतं.

खरी गफलत इथेच होते. लहान गोल सोनकण स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, त्यामुळे खाली न बसलेले कण फुटलेल्या पेशींसारखे दिसतात. म्हणून पेशींशिवाय नुसत्या कणांची नळी ठेवा आणि तिचं वाचन वजा करा. उलटही घडतं: हिमोग्लोबिन कणांना चिकटून तळाशी जातं आणि आकडा फसवा कमी येतो.

सायट्रेटचं आवरण असलेले कण पीबीएसमधल्या मिठाने गोळा होतात, लाल रंग जांभळट-निळा होतो. असा नमुना मोजूच नका. पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आवरण द्या. नॅनोरॉड (कांडीच्या आकाराचे कण) असतील तर ते बनवताना वापरलेलं, उरलेलं सीटॅब हे डिटर्जंटसारखं रसायन आधी नीट धुऊन काढा, ते पेशींना विषारी असतं.

नमुन्यातून पीबीएसचं वाचन वजा करा, त्याला ट्रायटन वजा पीबीएसने भागा, १०० ने गुणा. ५ टक्क्यांवर गेलं तर कण हिमोलिटिक, म्हणजे तांबड्या पेशी फोडणारे. कमी आलं तरी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर आणि रक्त गोठण्यावर वेगळी चाचणी करावीच लागते.